घरचा वकील

गेल्या वर्षी आम्ही अनसिंगचं घर विकलं. लागू नये इतका वेळ लावून विकलं, आणि ज्या कारणासाठी विकायला काढलं होतं ते कारण तोवर हातचं गेलं होतं. लोक विचारतात, भाव चांगला आला का? मी हो म्हणते. भाव चांगलाच आला. त्याचं पुढे काय झालं, ते कुणी विचारत नाही आणि मीही सांगत बसत नाही.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. ते गेल्यावर आई त्या घरात एकटी राहत होती. घर पडकं वगैरे नव्हतं. वडिलांनी नोकरीत असताना बांधलेलं, पक्क्या विटांचं, वर स्लॅब, पुढे मोकळी जागा. पण आईचे गुडघे गेले होते. भाऊ पुण्याला कंपनीत, मी अकोल्याला सासरी आणि शाळेत शिकवायला. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, वाशीमला लेकासुनेबरोबर दोन खोल्यांत राहते. तिच्या घराला लागून, मधे एकच भिंत, असं आणखी एक दोन खोल्यांचं घर होतं. जमिनीलगत, चढायला एकच पायरी, संडास आतच. त्याचा म्हातारा मालक मुलीकडे नागपूरला जायला निघाला होता आणि घर विकायचं म्हणत होता. मावशीने हे आईला फोनवर सांगितलं, आणि आईने माझ्या आठवणीत पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं.

"थ्या दोन खोल्या मले घेऊन द्या," ती म्हणाली. "हे घर इका अन् थे घ्या. मले सुनेच्या चुलीजवळ जाऊन बसायचं नाई. पोरीच्या सासरी तं राहताच येत नाई. तिकडं माह्यी बहीण राहीन, इकडं मी. भिंतीवर थाप मारली का झालं."

भावाला आधी पटलं नाही. मग मावशी शेजारी आहे म्हटल्यावर तो तयार झाला. "एकटी राहणार असती तर मी नाही म्हणालो असतो," असं तो म्हणाला. त्या म्हाताऱ्या मालकाशी मी स्वतः बोलले. भला माणूस होता. म्हणाला, "तुमच्या घराचं होईस्तोवर थांबतो, पण मले लय थांबवू नका. पोरगी रोज फोन करते."

गिऱ्हाईक शोधायलाही वेळ लागला नाही. इंझोरीकडचा एक शिक्षक बदली होऊन अनसिंगला आला होता, त्याला घर हवंच होतं. तो बँकेचं कर्ज काढणार होता, त्यामुळे कागद चोख लागणार होते. घर अजून वडिलांच्याच नावावर होतं, ते आमच्या तिघांच्या नावावर करून घ्यायचं होतं. जुन्या खरेदीखतात एका बाजूची हद्द चुकीची लिहिली गेली होती, ती दुरुस्त करायची होती. पेपरात जाहीर नोटीस द्यायची होती. जीव जावा असं यात काही नव्हतं. शिक्षकाने सरळ विचारलं, "तुमचा वकील कोण ते सांगा, माझा वकील त्यांच्याशी बोलून घेतो."

आई ताठ बसून म्हणाली, "आमचा घरचाच वकील हाय."

आमचं घोडं तिथेच अडलं, आणि ते अडलंय हे कळायलाच आम्हाला कितीतरी महिने लागले.

हा घरचा वकील आमच्या वस्तीतला. आमच्या बौद्ध वस्तीत काळा कोट घालणारा तो पहिला. त्याचे आईबाप मजुरीला जायचे. तो वाशीमला शिकायला राहिला तेव्हा त्याच्या जेवणाचा प्रश्न होता. माझे वडील रोज सकाळची गाडी घेऊन वाशीमला जात. आईने सांगितलं, डबा मी भरते, तुम्ही नेऊन द्या. तेव्हापासून त्याचं कॉलेज संपेपर्यंत आमच्या घरून दोन डबे निघायचे, एक वडिलांचा आणि एक त्याचा. ज्वारीच्या भाकरी, बेसन, कधी वांग्याची भाजी. तो स्टँडवर उभा राहून डबा घ्यायचा आणि संध्याकाळी रिकामा परत द्यायचा. तो वकील झाला त्या दिवशी विहारात पेढे वाटले, त्यात आईच्या हातात त्याने सगळ्यात आधी पेढा दिला. हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. मला त्याचाच राग येतो, कारण वाईट माणसाकडून काम काढून घेता येतं. चांगल्या माणसाला विचारायचीसुद्धा चोरी.

रविवारी तो गावात विहारात आला तेव्हा आईने त्याला गाठलं. कागद तिने साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून नेले होते. घरी येऊन तिने मला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली होती, "पाहून घेजो बापा." तो म्हणाला होता, "होऊन जाते काकू, तुमी फिकर करू नका." मग चहा झाला. त्याच्या पोरांची चौकशी झाली. झालं, वकील नेमला!

मी विचारलं, "वकीलपत्रावर सही केली का? फीचं काय ठरलं?"

 आई म्हणाली, "तुले शरम नाई वाटत काय वं? ज्याले माह्या हातानं भाकरी चारल्या, त्याले मी फी इचारू? थो काय परका हाय?"

"अगं पण त्याचा धंदा आहे तो."

"लोकाइसाठी हाय. आपल्यासाठी नाई."

भावाला फोन केला तर त्याचंही तेच. "घरचा वकील असताना कागदबिगद कशाला करतेस? त्याला वाईट वाटेल." पुण्याला तो सोसायटीतल्या प्लंबरकडूनसुद्धा आधी लिहून घेतो. पण गावाकडचं काम निघालं की याचं डोकं पुण्यातच राहतं, फक्त तोंड इकडे बोलतं.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही, कारण काहीच झालं नाही. सोयाबीन निघालं. दिवाळी आली, गेली. शेतात तूर उभी राहिली. मी अकोल्याहून मेडशी, मालेगाव करत बसने वाशीम, तिथून अनसिंग अशी किती वेळा गेले असेन. दर वेळी आईला विचारायचं, काय म्हणाले वकीलसाहेब? दर वेळी उत्तर एकच, होऊन जाते म्हणाला. या दोन शब्दांची मला पुढे इतकी चीड आली की वर्गात एखादं पोर "होऊन जाईल मॅडम" म्हणालं तरी मी त्याला उभं करायची. काम कुणी करायचं नाही, ते आपलं आपणच व्हायचं. आणि समोरच्याने मान डोलवायची, कारण मान नाही डोलवली तर त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. आमच्याकडे अविश्वास दाखवण्याइतकं मोठं पाप नाही. काम बुडवलं तर चालतं.

वकिलाला मी स्वतःही फोन केला. फार गोड बोलला. "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? मी आहे ना." मी म्हटलं, म्हातारे मालक थांबलेत, जरा लवकर करा. तो म्हणाला, "तारखांमधून सुटलो की पहिलं हेच." मी फोन ठेवला आणि मलाही, खोटं कशाला बोलू, तासभर बरंच वाटलं. त्याच्या आवाजात ती करामत होतीच. कोर्टात किती उपयोगी पडत असेल ती!

इकडे मावशीचे फोन सुरू झाले. "माय, थो बुढा इचारून राह्यला. काय सांगू त्याले?" मग, "आज कोणी घर पाहाले आल्ते." मग, "त्याची पोरगी भांडली म्हणते त्याच्यासंग." प्रत्येक फोननंतर आई घरातलं काहीतरी बांधून ठेवायची. जास्तीची भांडी, गोधड्या, वडिलांचा खाकी सदरा. मी गेले की दाखवायची, हे इतकं नेईन, एवढं तिथे मावते. खोल्या तिने एकदाच पाहिल्या होत्या, पण कुठल्या कोपऱ्यात खाट आणि कुठे पाण्याचा माठ, सगळं तिचं ठरलेलं होतं. खाट मधल्या भिंतीलाच लावायची होती.

शेवटी त्या शिक्षकाचा मला फोन आला. बिचारा वैतागला होता. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला घर विकायचं नसेल तर सांगा. माझ्या वकिलांनी तुमच्या वकिलांना फोन केला होता. ते म्हणाले, मी त्यांचा वकील नाही. ओळखतो फक्त."

मी दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि वाशीमची गाडी धरली.

वकिलाचं ऑफिस कोर्टासमोरच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आहे. तो कोर्टात गेला होता. टेबलामागे त्याचा मुन्शी बसला होता, तोंडात तंबाखूचा खर्रा. मी आईचं नाव, गाव सांगितलं. त्याने कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "फाईल नाई तुमची."

"कागद दिलेत. साडीच्या दुकानाची पिशवी आहे."

"पिशवी व्हय?" तो म्हणाला आणि त्याने बोटाने वर दाखवलं. "मंग थ्या गड्ड्यात पाहा. घरच्या लोकायचं वरतं ठेवतेत साहेब."

लोखंडी कपाटाच्या वर पिशव्यांचा ढीग होता. कपाटाच्या आत फायली नीट लावलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, नंबर. त्या परक्यांच्या. वर पिशव्या, त्या घरच्यांच्या. कुणाची किराणा दुकानाची, कुणाची खताच्या गोणीची शिवलेली, मधेमधे लग्नाच्या पत्रिका आणि एक प्रसादाची पुडी. मी स्टुलावर चढले आणि ढीग उपसला. आईची पिशवी तळाच्या जवळ होती. आईने गाठ मारली होती ती अजून तशीच होती. कुणी सोडलीच नव्हती.

तो आला तेव्हा मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्याने मुन्शीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आधी चहा सांगितला. मी म्हटलं, चहा नको. गाठ दाखवली. म्हटलं, "गाठसुद्धा सोडली नाही तुम्ही."

त्याचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिला. मग म्हणाला, "ताई, खरं सांगू? तुम्ही मला वकील केलंच कधी? काकू म्हणाल्या, पाहून घेजो. आता पाहून घेजो म्हणजे काय? रोज दहा जण म्हणतात. गावातून जो येतो तो काकाच असतो नाहीतर काकूच. सगळ्यांचं फुकट करत बसलो तर माझ्या घरची चूल कशी पेटेल?"

"मग फी मागायची होती."

"काकूला? मी?" तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मी फी मागितली असती तर सारी वस्ती म्हणाली असती, त्या माऊलीच्या भाकरी खाऊन हा तिच्याजवळ पैसे मागते."

"मग नाही म्हणायचं होतं. आम्ही दुसरा पाहिला असता."

"नाही तरी कसं म्हणू, ताई? थे तर त्याहून वाईट."

त्याची अडचण मला तिथल्या तिथे समजली. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. मागता येत नाही, करवत नाही आणि नाकारताही येत नाही. म्हणून पिशवी वर. पण समजलं म्हणून राग गेला, असं काही झालं नाही. उलट जास्तच भडकला. त्याने स्वतःचं नाव राखलं, आईने त्याचा मान राखला, भावाने दोघांची मर्जी राखली, आणि या सगळ्या राखण्यात एका म्हातारीच्या दोन खोल्या गेल्या तरी कुणाच्या बापाचं काय जात होतं? मी हे त्याला याच शब्दांत सांगितलं. तो ऐकून घेत राहिला. उलट बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पिशवी उचलली, जिना उतरले आणि समोरच्याच इमारतीत गेले. तिथे एका वकील बाईंची पाटी दिसली. ना ओळख, ना देख, ना त्यांनी आमच्या भाकरी खाल्लेल्या. त्यांनी आधी वकीलपत्रावर सही घेतली, मग फी घेतली, मग पावती दिली आणि मग पिशवीची गाठ सोडली. चहा विचारला नाही. त्यांच्या हातून महिन्याभरात सगळे कागद मार्गी लागले. हद्दीची दुरुस्ती म्हणून जे आमच्या डोक्यावर बसलं होतं, ते त्यांनी दोन फेऱ्यांत उरकलं.

आई मात्र माझ्याशी बोलेना. परका वकील केला म्हणून. वस्तीत लोक काय म्हणतील, त्या पोराला काय वाटलं असेल, हेच तिचं चालू. "तू त्याच्या हाफिसात जाऊन त्याले बोल्ली म्हणते," ती म्हणाली. "माह्या पोरावानी हाय थो." मी तिला त्या गाठीबद्दल सांगितलं. तिने ऐकलं. मग म्हणाली, "कामात असंन बिचारा." मला वाटलं, डोकं भिंतीवर आपटावं. तिचं नाही, माझंच.

ती अबोल्यात असतानाच मावशीचा फोन आला. म्हातारा गेला होता नागपूरला. जाताना मावशीच्या दारात उभा राहून म्हणाला होता, बहिणीले सांगा, मी लय वाट पाहिली. घर त्याने एका मंडपवाल्याला देऊन टाकलं होतं.

आईने फोन ठेवला आणि बांधलेल्या गाठोड्यांपैकी एक सोडायला घेतलं. मी म्हटलं, आई, आपण दुसरं बघू, वाशीमला घरं काय कमी आहेत? भाऊ फोनवर म्हणाला, "आता मावशी शेजारी नाही तर एकटीने राहायचा प्रश्नच येत नाही. ती पुण्याला येईल." सगळं रीतसर होतं. त्याने आधीच तसं सांगितलं होतं. शिक्षकाला शब्द दिलेला होता, त्याचं कर्ज मंजूर होऊन बसलं होतं, घराची विक्री थांबवायलाही कुणी तयार नव्हतं. आईला मी स्पष्ट विचारलं, "नकोच विकायचं का?" ती म्हणाली, "त्या मास्तरले किती लटकवून ठेवाचं?" परक्या माणसाचा खोळंबा तिला लगेच दिसला.

खरेदीच्या दिवशी आम्ही तिघं वाशीमच्या रजिस्ट्री ऑफिसात होतो. आईचा फोटो काढला, अंगठे घेतले. तिला सही येते, तरी तिथे अंगठाही लागतो. बाहेर आलो तर आमचा घरचा वकील समोरून आला, काळ्या कोटात, हातात कुणाचीतरी फाईल. मी दुसरीकडे पाहिलं. आईने जयभीम केला. त्याने वाकून तिच्या पायाला हात लावला आणि तिने त्याच्या गालावरून हात फिरवून विचारलं, "जेवला काय रे?"

"जेवलो काकू," तो म्हणाला. "आता पुण्याला चालल्या म्हणे. काही काम असलं तर सांगत जा. मी घरचाच आहे."

"हाव बापा," आई म्हणाली.

भावाला संध्याकाळच्या आत गाडी पुण्याच्या रस्त्याला लावायची होती, पण आईने मावशीकडे जायचा हट्ट धरला. गाडी गल्लीत शिरेना म्हणून तो टोकालाच थांबला आणि आम्ही दोघी चालत गेलो. मावशी दारातच उभी होती. शेजारच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि आत छतापर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचलेल्या होत्या, लाल आणि पांढऱ्या. दुसऱ्या खोलीत मोठी पातेली आणि कनातीची गुंडाळी. राहायला कुणीच आलेलं नव्हतं. मंडपवाल्याला सामान ठेवायला जागा हवी होती, बस. खोल्या माणसासाठी गेल्या असत्या तर मी गप्प बसले असते असंही नाही, पण खुर्च्यांसाठी गेल्या हे पाहून माझ्या तोंडून शिवीच निघाली. 

आईने आत पाहिलं. मधल्या भिंतीला लागून खुर्च्यांचे दोन ढीग होते. तिथला मजूर सामान काढत होता. म्हातारी बाई उभी आहे म्हणून त्याने वरची एक खुर्ची काढली, फडक्याने पुसली आणि दारासमोर ठेवली. "बसा माय." आई बसली. मग त्याने मावशीसाठीही एक काढली. दोघी बहिणी त्या दारासमोर गल्लीत बसल्या. मावशीच्या सुनेने चहा आणला, तो तिथेच प्यायल्या. फारसं बोलल्या नाहीत. लहानपणीच्या एका म्हशीचा विषय निघाला, तो संपला. मजुराला खुर्च्या टेम्पोत भरायच्या होत्या, तो बाजूला उभा राहून वाट पाहत होता.

टोकावरून हॉर्न वाजला, आणि पुन्हा वाजला. आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. मजुराने लगेच तिची खुर्ची उचलून टेम्पोत टाकली.

मावशी बसूनच होती. तिने आईचं मनगट धरलं आणि विचारलं, "मंग आता कधी येशीन वं?"

आईने गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. म्हणाली, "थो आणीन तवा."